डबीत पांढरी, चेहऱ्यावर अदृश्य: सेटिंग पावडरची खरी परीक्षा

दुकानात ट्रान्सल्युसंट पावडरची डबी उघडली की पहिली शंका रंगाचीच येते. नावात पारदर्शकता आणि डबीत मात्र पांढरीशुभ्र भुकटी. गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्यावर ही लावली तर चेहरा राखाडी दिसणार नाही का? काउंटरमागची मुलगी मनगटावर चिमूटभर चोळून दाखवते, भुकटी दिसेनाशी होते आणि शंका तिथेच मिटते. ती इतक्या लवकर मिटू देऊ नये. मनगटावर क्षणभरात जे दिसतं, त्यावरून दुपारी चार वाजता नाकाच्या बाजूला काय दिसेल याचा अंदाज येत नाही.

पावडर पारदर्शक दिसेल की नाही, हे तीन गोष्टी मिळून ठरवतात: भुकटीतले घटक, त्वचेवरचं तेल आणि अंगावर पडणारा प्रकाश. यातली पहिली गोष्ट कंपनीच्या हातात असते, उरलेल्या दोन आपापल्या असतात. म्हणून रोजच्या वापराची पावडर आपल्याच चेहऱ्यावर, आपल्याच गावच्या हवेत आणि पूर्ण दिवसभर तपासायला हवी. ही तपासणी घरी सहज करता येते. मात्र ही भुकटी काम कसं करते हे आधी समजलं, तर नेमकं कुठे आणि कधी पाहायचं ते कळतं.

तेल लागलं की पांढरेपणा जातो

वर्तमानपत्रावर भजी काढून ठेवली की तेल लागलेल्या जागी कागद अर्धपारदर्शक होतो आणि मागच्या पानावरची अक्षरं दिसू लागतात. कोरड्या कागदाच्या तंतूंमध्ये हवा भरलेली असते. प्रकाश तंतूतून हवेत आणि हवेतून पुन्हा तंतूत शिरताना दर वेळी थोडा वळतो, थोडा मागे फिरतो. अशा हजारो वळणांमुळे तो विखुरतो आणि कागद अपारदर्शक दिसतो. हवेची जागा तेलाने घेतली की ही वळणं कमी होतात, कारण तेलाचा आणि तंतूंचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वळतो याचं माप, बराच जवळचा असतो.

सेटिंग पावडरीच्या बाबतीत अगदी हेच घडतं. डबीत प्रत्येक कणाभोवती हवा असते. हवेचा अपवर्तनांक 1, टाल्क आणि अभ्रकाचा 1.55 ते 1.6 च्या आसपास, मक्याच्या स्टार्चचा 1.53 च्या जवळ आणि सिलिकाचा 1.46. हवा आणि कण यांच्यातल्या या फरकामुळे भुकटी पांढरी दिसते. चेहऱ्यावर आल्यावर फाउंडेशनमधलं किंवा त्वचेचं स्वतःचं तेल या कणांना भिजवतं. त्वचेच्या तेलाला सीबम म्हणतात आणि त्याचा अपवर्तनांक 1.5 च्या किंचित खाली असतो. फरक इतका कमी झाला की कण नजरेआड होतात.

दोन घटक मात्र या नियमात बसत नाहीत. टायटॅनियम डायऑक्साइडचा अपवर्तनांक 2.5 च्या वर आहे आणि झिंक ऑक्साइडचा 2 च्या आसपास. ते तेलात कितीही भिजले तरी पांढरेच राहतात. भिंतीच्या रंगात त्यांना जागा मिळते ती या गुणामुळेच. गोऱ्या चेहऱ्यावर त्यांचा पांढरेपणा खपून जातो, सावळ्या चेहऱ्यावर तोच राख फासल्यासारखा दिसतो.

मनगटावरची चाचणी का फसवते, तेही यातून कळतं. मनगटाच्या आतल्या बाजूला तैलग्रंथी फार कमी असतात, तिथे फाउंडेशन नसतं, आणि चोळल्यामुळे बरीचशी भुकटी झडून जाते. पावडर दिसत नाही, कारण ती तिथे उरलेलीच नसते.

पावडर नेमकं काय करते

फाउंडेशन म्हणजे पाणी, तेलं, सिलिकॉन आणि रंगद्रव्य यांचं मिश्रण. ते लावल्यावर काही मिनिटांत पाणी आणि हलके सिलिकॉन उडून जातात आणि मागे रंगाचा किंचित चिकट थर उरतो. कुर्त्याच्या कॉलरला, ओढणीला आणि मोबाइलच्या काचेला लागतो तो हाच. पावडरीचे बारीक कण या थरावर बसले की त्याचा चिकटपणा कमी होतो. मेकअप ‘सेट होणं’ म्हणतात ते हे.

दुसरं काम चकाकीचं. तेलाचा गुळगुळीत थर प्रकाश एकाच दिशेने परतवतो, त्यामुळे कपाळ आणि नाक चमकतं. कण बसल्यावर पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत होतो आणि प्रकाश चहूकडे विखुरतो. चमक उतरते, शिवाय रोमछिद्रं आणि बारीक रेषांच्या कडाही नजरेत कमी भरतात.

तिसरं काम तेल शोषण्याचं. सच्छिद्र सिलिका, केओलिन ही पांढरी माती आणि स्टार्च हे यातले कामाचे घटक. पण त्यांच्या शोषण्याला मर्यादा असते. कण तेलाने भरले की पुन्हा चमक येते. त्यावर आणखी पावडर थापली तर तेल आणि भुकटी यांचा लगदा होऊन तो नाकाच्या पाळीशी जमा होतो.

घामाचं काम मात्र ही पावडर करत नाही. घाम म्हणजे मुख्यतः पाणी, आणि त्याच्या ग्रंथी वेगळ्या. मुंबईच्या ऑक्टोबर हीटमध्ये वरच्या ओठावर घामाचे थेंब आले की ते पावडर आणि फाउंडेशन दोन्ही घेऊन ओघळतात. तेलावर उत्तम चालणारी पावडर घामापुढे हरू शकते, म्हणून तपासताना या दोन गोष्टींची नोंद वेगवेगळी ठेवावी.

डबीवरची यादी वाचताना

सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर घटक सर्वसाधारणपणे उतरत्या प्रमाणात लिहितात. 1 टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी कोणत्याही क्रमाने येऊ शकतात. म्हणजे पहिली तीन-चार नावं वाचली की पावडरीचा स्वभाव बराचसा कळतो.

टाल्क आधी असेल तर पावडर निसरडी आणि मऊ लागते. टाल्क म्हणजे शंखजिरे. कठीणपणाच्या मोह्झ मापनात त्याचा क्रमांक 1, म्हणजे सगळ्यांत मऊ खनिज. त्याचे चपटे पापुद्रे एकमेकांवरून घसरतात. आपल्याकडे राजस्थानातून ते मोठ्या प्रमाणावर निघतं. अभ्रक असेल तर हलकी झळाळी येते. ती निस्तेज चेहऱ्याला शोभते, पण तेलकट कपाळावर चमक आणखी वाढवते. सिलिका आधी असेल तर तेल चांगलं शोषलं जातं आणि कोरड्या त्वचेला मात्र ओढल्यासारखं वाटतं. स्टार्च सौम्य असतो, पण दमट हवेत त्याच्या गुठळ्या होऊ शकतात. झिंक स्टिअरेट किंवा मॅग्नेशियम स्टिअरेट ही नावं दिसली तर ती भुकटी त्वचेला धरून राहावी म्हणून घातलेली असतात.

यादीच्या शेवटी रंगांचे क्रमांक असतात आणि गव्हाळ-सावळ्या वर्णाच्या ग्राहकाने ते जरूर पाहावेत. सीआय 77891 म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, सीआय 77947 म्हणजे झिंक ऑक्साइड. सीआय 77491, 77492 आणि 77499 म्हणजे अनुक्रमे लाल, पिवळा आणि काळा लोह ऑक्साइड. टायटॅनियम डायऑक्साइड यादीत वर असेल आणि लोह ऑक्साइड एकही नसेल, तर ‘सर्व वर्णांना चालते’ हे वाक्य सावधपणे वाचावं. किंचित पिवळी किंवा पीच छटा असलेली पावडर आपल्याकडच्या बहुतेक वर्णांवर अधिक सहज मिसळते.

रंगमंचावरून रोजच्या चेहऱ्यावर

मेकअप पावडरने पक्का करण्याची पद्धत रंगमंचावर रुजली. लुडविग लाइश्नर या जर्मन ऑपेरा गायकाने 1873 मध्ये बर्लिनमध्ये ग्रीजपेंटची कंपनी सुरू केली. या तेलकट रंगावर पावडर दाबल्याशिवाय तो दिव्यांच्या उष्णतेत टिकत नसे. पुढे सिनेमा आला. कॅमेऱ्यापुढे जाड थराला भेगा पडलेल्या दिसत, म्हणून मेकअप कलाकार मॅक्स फॅक्टर यांनी 1914 मध्ये खास चित्रपटासाठी पातळ, लवचिक ग्रीजपेंट तयार केलं. पावडर मात्र तिथेही हवीच होती.

पावडर कोणाच्या चेहऱ्यासाठी बनते, हा प्रश्नही तेवढाच जुना. अमेरिकेत बाजारातल्या पावडरी गोऱ्या चेहऱ्यांसाठीच बनत. अशा काळात अँथनी ओव्हर्टन या कृष्णवर्णीय उद्योजकाने 1898 मध्ये कॅन्सस सिटीत आपली कंपनी काढली आणि ‘हाय-ब्राउन’ नावाची फेस पावडर सावळ्या वर्णाच्या स्त्रियांसाठी आणली. आपल्याकडे 1919 मध्ये मुंबईत ई. एस. पाटणवाला यांचं अफगाण स्नो आलं आणि ‘स्नो-पावडर’ हा जोडशब्द मराठी घरांत रुळला. 1952 मध्ये टाटांनी लॅक्मे सुरू केली. पण या सगळ्या काळात पावडरीकडून अपेक्षा होती ती चेहरा उजळ दिसण्याची. चेहरा आहे त्याच रंगाचा दिसावा आणि फक्त चमक जावी, ही अपेक्षा ट्रान्सल्युसंट पावडरीने रोजच्या वापरात आणली. म्हणूनच तिची परीक्षा घेताना पहिली कसोटी ‘माझा रंग बदलला का’ हीच असावी.

पहिली चाचणी: हाताचे दोन चौकोन

कोपराच्या खाली, हाताच्या बाहेरच्या बाजूला दोन जागा निवडाव्यात. एका जागी खोबरेल तेलाचं बोट फिरवून टिश्यूने टिपून घ्यावं, म्हणजे नावापुरता थर राहील. दुसरी जागा कोरडी ठेवावी. दोन्हीकडे पफने सारखीच पावडर दाबावी आणि हात खिडकीशी न्यावा.

तेलाच्या जागी पांढरेपणा पाहता पाहता उतरत जातो. त्वचेचा रंग वर येतो आणि लव पुन्हा काळी दिसू लागते. कोरड्या जागी भुकटी त्वचेवरच्या जाळीदार रेषांत बसलेली दिसते आणि लवेची टोकं पांढरी राहतात. हा फरक दिसला तर पावडर आपलं काम नीट करते आहे, आणि कोरड्या गालांवर तिचं प्रमाण कमी ठेवायला हवं हेही कळलं. तेलाच्या जागीसुद्धा खडूसारखी छटा राहिली, तर पावडर प्रमाणाबाहेर लागली आहे किंवा तिच्यात पांढरं रंगद्रव्य जास्त आहे. कमी पावडर घेऊन पुन्हा पाहावं. तरीही छटा राहिली तर ती डबी आपल्यासाठी नाही.

दुसरी चाचणी: अर्धा चेहरा

प्रसाधनांच्या प्रयोगशाळांतही चेहऱ्याच्या दोन बाजूंची तुलना करतात, कारण माणूस तोच, हवा तीच आणि दिवसही तोच राहतो. घरी करताना नेहमीचंच सनस्क्रीन आणि नेहमीचंच फाउंडेशन लावावं. त्या दिवशी नवं क्रीम किंवा सीरम सुरू करू नये. फाउंडेशन बसायला काही मिनिटं द्यावीत. मग एका बाजूला नवी पावडर, दुसऱ्या बाजूला जुनी पावडर किंवा काहीच नाही. पुढच्या वेळी बाजू बदलावी, कारण मोबाइल एकाच गालाला लागतो आणि प्रवासात खिडकीही बहुधा एकाच बाजूला असते.

लावताना पफ किंवा ब्रशवरची जास्तीची भुकटी झटकून टाकावी आणि पफ दाबत न्यावा. घासला तर खालचं फाउंडेशन सरकतं. नाक, कपाळाचा मध्य आणि हनुवटी इथे तैलग्रंथी जास्त, म्हणून पावडरीची गरजही तिथेच जास्त. डोळ्यांखाली त्वचा पातळ आणि तेल कमी, त्यामुळे तिथे अगदी थोडी पुरते. पावडरीचा जाड थर काही मिनिटं ठेवून मग झटकण्याला ‘बेकिंग’ म्हणतात. ती प्रखर दिव्यांखाली उभं राहणाऱ्या कलाकारांची पद्धत आहे; रोज ऑफिसला जाताना तिची गरज नसते. कपाळावर टिकली लावायची असेल तर तेवढी जागा पुसून घ्यावी. भुकटीवर टिकलीचा गोंद धरत नाही आणि दोष मात्र टिकलीला दिला जातो.

आता चेहरा दिवसभरात ठरावीक वेळी पाहायचा: लावल्यावर काही मिनिटांनी, जेवणाच्या सुट्टीत, चारच्या चहाच्या वेळी आणि घरी परतल्यावर. दर वेळी त्याच जागा पाहाव्यात. नाकाच्या पाळ्यांशी लगदा जमला का? डोळ्यांखालच्या बारीक रेषांत पावडर भरली का? हसताना ओठांच्या बाजूच्या घडीत रंग साचला का? हनुवटीखाली चेहरा आणि मान यांच्या रंगात सीमारेषा दिसते का? वरच्या ओठावर घामाने वाट काढली का?

चारच्या सुमाराला दोन्ही बाजूंना एकेक टिश्यू सारखाच वेळ, सारख्याच दाबाने ठेवून मग उजेडात धरावा. तेलाचे डाग पारदर्शक दिसतात. ज्या टिश्यूवर डाग कमी, त्या बाजूच्या पावडरीने तेल जास्त धरून ठेवलं. प्रयोगशाळेतलं सीबम मोजायचं सीबुमीटर हे उपकरण याच तत्त्वावर चालतं. त्याची अपारदर्शक पट्टी 30 सेकंद त्वचेवर दाबतात, तेल लागलेला भाग पारदर्शक होतो आणि त्यातून किती प्रकाश जातो त्यावरून तेलाचं प्रमाण काढतात. घरच्या टिश्यूला आकडा सांगता येत नाही, पण डावं-उजवं तो नक्की दाखवतो.

अशाच रीतीने स्वच्छ पांढरा सुती रुमाल दोन्ही गालांवर हलकेच दाबून कोणत्या बाजूचा रंग जास्त उतरतो ते पाहावं. कॉलर खराब होणार की नाही, याचं उत्तर तिथे मिळतं.

तिसरी चाचणी: प्रकाश

खिडकीचा उजेड, ऑफिसमधल्या पांढऱ्या दिव्यांचा उजेड आणि घरातला पिवळा उजेड, तिन्हींत चेहरा पाहावा. खिडकीचा उजेड सगळ्यांत कडक परीक्षक. डबी त्याच उजेडात पास करावी. मग अंधाऱ्या खोलीत कोणाला तरी फ्लॅश लावून फोटो काढायला सांगावं.

फ्लॅशमध्ये काही वेळा नाकाशेजारी आणि डोळ्यांखाली पांढरे ठिपके उमटतात. समारंभात आलेल्या नामवंत अभिनेत्रींच्या छायाचित्रांतही ते दिसले आहेत. रोजच्या उजेडात प्रकाश चहूबाजूंनी येतो आणि विखुरला तरी नजरेत भरत नाही. फ्लॅश मात्र कॅमेऱ्याच्या अगदी शेजारून येतो, त्यामुळे कणांनी मागे फेकलेला प्रकाश थेट भिंगात शिरतो. सिलिकाचे सच्छिद्र कण तेलाने भरले नसतील तर त्यांच्यात हवा असते, म्हणून ते अधिक उजळतात. रोज ऑफिसला जाणाऱ्या व्यक्तीला याने फरक पडत नाही; लग्नाच्या रिसेप्शनला जाणाऱ्या व्यक्तीला पडतो. तिथे सिलिकाप्रधान पावडर हात राखून वापरावी आणि जास्तीची नीट झटकावी.

हवा, ऋतू आणि डबी

एकाच पावडरीचा निकाल जुलैतल्या मुंबईत, मेमधल्या नागपुरात आणि जानेवारीतल्या पुण्यात वेगवेगळा लागतो. मुंबईत हवा इतकी दमट की घाम सुकत नाही. तिथे हलका थर आणि खिशात टिश्यू एवढंच खरं कामाचं. नागपूरच्या कोरड्या उन्हात घाम पटकन उडतो, पण एसी खोलीत त्वचा ओढली जाते आणि पावडर पिठूळ दिसू लागते. पुण्याच्या थंडीत कोरड्या गालांना पावडर जवळजवळ नकोच. मैत्रिणीला लाभलेली डबी आपल्याला लाभली नाही, तर कारण पुष्कळदा हवेत आणि त्वचेत असतं. दुपारी पुन्हा पावडर लावताना आधी तेल आणि घाम टिपून घ्यावा आणि मगच पफ फिरवावा. एवढ्या एका सवयीने साधी पावडरही उत्तम चालते.

श्वास आणि स्वच्छता

सुटी पावडर उडते. तिचे पुष्कळसे कण केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी पट बारीक असतात आणि त्यांतले सर्वांत बारीक श्वासावाटे आत जाऊ शकतात. डबी तोंडासमोर झटकू नये, पफवर फुंकर मारू नये. दमा असेल किंवा घरात तान्हं बाळ असेल तर दाबून बसवलेली कॉम्पॅक्ट अधिक बरी.

टाल्कविषयीची चिंता निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जुलै 2024 मध्ये टाल्कला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या 2ए गटात घातलं. हा गट पुरावा किती भक्कम आहे ते सांगतो. रोजच्या वापरातला धोका किती मोठा, हे त्यावरून ठरत नाही. खाणीत टाल्कच्या शेजारी अ‍ॅस्बेस्टॉस सापडू शकतं, ही यातली जुनी आणि गंभीर अडचण. ज्यांना टाल्क नको त्यांच्यासाठी सिलिका, स्टार्च किंवा अभ्रकाच्या पावडरी मिळतात, मात्र ‘टाल्क-फ्री’ हे शब्द पुढच्या बाजूला वाचून न थांबता मागची यादीही पाहावी. नवी पावडर आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून खाज किंवा लाली येते का ते पाहावं. पफ नियमित धुऊन पूर्ण वाळवावा आणि तो कोणाशीही वाटून घेऊ नये.

निकाल कसा लावावा

सगळ्या कसोट्यांत पहिली येणारी पावडर क्वचितच मिळते, म्हणून आपला क्रम आधी ठरवावा. कपाळ तेलकट असेल तर चारचा टिश्यू सर्वांत महत्त्वाचा. त्वचा कोरडी असेल तर डोळ्यांखालच्या रेषा. वर्ण सावळा असेल तर खिडकीच्या उजेडातला रंग, आणि त्यात तडजोड करू नये. किमतीला या क्रमात जागा नाही. टाल्क, सिलिका आणि स्टार्च महागड्या डबीतही तेच असतात. कणांची बारीकी, त्यांच्यावरचा लेप आणि मिश्रणाचा समतोल यांत फरक असतो आणि तो चेहऱ्यावर दिसला तरच त्याचे पैसे मोजावेत.

दुकानदारांकडून आणि कंपन्यांकडून दोन गोष्टी आपण आग्रहाने मागायला हव्यात. पहिली म्हणजे दिवसभर वापरून पाहता येईल एवढा छोटा नमुना, कारण या वस्तूची परीक्षा काउंटरवर होऊच शकत नाही. दुसरी म्हणजे ‘सर्व वर्णांना’ असं छापणाऱ्यांनी ती पावडर गव्हाळ, सावळ्या आणि गडद त्वचेवर, उजेडात आणि फ्लॅशमध्ये, काही तासांनंतर कशी दिसते ते दाखवावं. या देशातल्या बहुसंख्य चेहऱ्यांवर जी पावडर अदृश्य होत नाही, तिला पारदर्शक म्हणून विकण्याचा कोणालाही अधिकार नाही.